घरचं उटणं आणि गोरेपणाची हाव

दसरा उलटला की बचतगटांच्या प्रदर्शनांत, सोसायट्यांच्या आवारात, वाण्याच्या गल्ल्याशेजारी उटण्याच्या पुड्या दिसायला लागतात. शिकेकाई दळून आणणाऱ्या, रिठ्याच्या पाण्याने केस धुणाऱ्या, खिडकीत कोरफडीची कुंडी ठेवणाऱ्या तरुण मुलीही आता पुन्हा भेटतात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या पुड्या हातात घेऊन नीट वाचाव्यात. चंदन, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गुलाबपाकळी अशी सुरेख नावं असतात आणि त्यांच्या खाली, बहुधा ठळक अक्षरांत, छापलेलं असतं: ‘रंग उजळतो’. माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांविषयी आहे. थंडीच्या तोंडावर तेल जिरवून अंग स्वच्छ करावं, कातडी मऊ राहावी, दोन घटका सुगंधात जाव्यात, यासाठी असलेली वस्तू आपण रंग पालटण्याचं औषध का करून ठेवली? प्रसाधनं घरी करावीत, जरूर करावीत. मात्र गोरेपणाची हाव मनात धरून केली, तर स्वयंपाकघरात उभं राहूनही आपण बाजाराचंच गिऱ्हाईक राहतो.

ही हाव बाजाराने जन्माला घातली नाही, पण पोसली मात्र त्यानेच. १९७५ साली हिंदुस्थान लीव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ आणली. पुढची कित्येक वर्षं तिच्या जाहिरातींत एकच गोष्ट फिरून फिरून सांगितली गेली: मुलगी सावळी म्हणून तिला नोकरी नाही, स्थळ नाही, ट्यूब लावली की दोन्ही दारं उघडतात. २००५ साली पुरुषांसाठीही वेगळी क्रीम आली, म्हणजे मुलगेही सुटले नाहीत. चेन्नईच्या ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने २००९ पासून ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम चालवली, पुढे नंदिता दास तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. लोक बोलू लागले, आणि २०२० साली त्या ट्यूबवरचा ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने वर्णानुसार स्थळं चाळण्याची सोय काढून टाकली. हे मिळवणं सोपं नव्हतं आणि ज्यांनी ते मिळवलं त्यांचे आभार मानायला हवेत. दुःख याचं, की कंपन्यांना जे छापायची लाज वाटू लागली ते आपण घरगुती पुडीवर अभिमानाने छापतो आहोत.

आणि पुडीचं तरी काय घेऊन बसायचं! सुरुवात जन्माच्याही आधी होते. गर्भार सुनेला केशर घातलेलं दूध आवर्जून दिलं जातं, बाळ गोरं व्हावं म्हणून. दूध चांगलंच, ते तिने प्यावं. पण बाळाचा रंग आईबापांकडून आलेल्या जनुकांनी ठरतो, केशराच्या काड्यांनी नाही. बाळ जन्मलं की मसुराच्या डाळीचं पीठ, साय आणि हळद यांचा गोळा त्याच्या अंगावर खसाखसा फिरतो. नवजात बाळाची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ असते. अंगावरची बारीक लव काही आठवड्यांत आपोआप झडते. ते लेकरू लाल होईपर्यंत रडतं आणि आपण म्हणतो, बघा कसा रंग आलाय. मग शाळेत जायच्या वयात कोणीतरी मावशी सांगते, लिंबू चोळत जा. आठवीतली मुलगी आरशापुढे उभी राहून मानेवर लिंबाची फोड घासते आणि तशीच उन्हात शाळेत जाते. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर तिथे भाजल्यासारखं होतं, फोड येतात आणि मागे काळा डाग राहतो. तो कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने जात नाही. आता त्या डागासाठी नवा उपाय शोधायचा. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला आपण या चरकात घालतो, आणि प्रेमाने घालतो, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

थोडं शरीराचं सांगते, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. कातडीला रंग देणारं मेलॅनिन ज्या पेशी बनवतात त्या बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कशा प्रकारचं मेलॅनिन तयार करतात यात. सूर्याच्या अतिनील किरणांपासून आतल्या पेशींचं रक्षण करणं हे त्याचं काम. आपल्यासारख्या उन्हाच्या देशात सावळी कातडी हे शरीराने स्वतःच विणलेलं कवच आहे. उटण्याने निघते ती वरची मेलेल्या पेशींची पापुद्री, धूळ आणि तेलाचा थर. त्यामुळे चेहरा ताजा दिसतो, हात लावला तर गुळगुळीत लागतो. रंग जो आहे तोच राहतो, आणि तो तसाच राहायला हवा.

रंग खरोखर बदलणारी द्रव्यं आहेत, पण ती माणसाला पोखरतात. पारा त्यांतलाच. मेलॅनिन तयार करणाऱ्या विकराला तो अडवतो, म्हणून काही आठवड्यांत चेहरा उजळ दिसतो. आणि कातडीतून शरीरात मुरून तो मूत्रपिंडांवर जाऊन बसतो. केरळातल्या मलप्पुरम भागात २०२३ साली डॉक्टरांच्या लक्षात आलं, की अंगावर सूज आणि लघवीतून प्रथिनं जाणं अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक रुग्णांत धागा एकच आहे: गोरं करणारी, धड नावपत्ता नसलेली क्रीम. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे डोळ्यांभोवतीची प्रसाधनं वगळता इतर कशातही नकळत आलेला पारा दशलक्ष भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. पण ज्या डबीवर कारखान्याचंच नाव नाही तिला कसला नियम! दुसरं द्रव्य म्हणजे स्टिरॉइड. खाजेवर, इसबावर डॉक्टरांनी मोजून द्यायचं मलम लोक गोरेपणासाठी महिनोन् महिने चेहऱ्यावर थापतात. कातडी पातळ होते, लाल होते, केस येतात, फोड येतात, आणि मलम थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा होतो. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती मिळतात. काही ठिकाणी तर ‘घरगुती, आयुर्वेदिक’ म्हणून पार्लरमध्ये साध्या डबीत भरून दिली जातात. म्हणून ‘घरगुती’ हा शब्द कानावर पडला की विचारायचं: कोणाच्या घरची, आणि आत काय आहे?

या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर स्वतः केलेल्या वस्तूबाबतच देता येतं, आणि घरी करण्याचं खरं मोल मला यातच दिसतं. शिकेकाईचंच बघा. शेंगा कडकडीत उन्हात इतक्या वाळवायच्या की हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. किलोभर शेंगांना पाव किलो रिठा, पाव किलो आवळकाठी, शंभर ग्रॅम नागरमोथा, मूठभर मेथी, घरात वाळवून ठेवलेली संत्र्याची साल. रिठा फोडून त्यातली काळी बी काढून टाकायची. ती दगडासारखी असते, दळणात गेली तर गिरणीवाला पुन्हा दारात उभं करणार नाही. तसाही तो शिकेकाईचं दळण सगळ्यात शेवटी घेतो, कारण तिची धूळ नाकात गेली की अख्ख्या गिरणीत शिंकांचा सपाटा सुरू होतो. नाकाला रुमाल बांधूनच उभं राहावं. दळून आणल्यावर पातळ सुती कापडातून चाळायची, आणि काचेच्या कोरड्या बरणीत भरायची. ओला हात किंवा ओला चमचा आत गेला की बुरशी ठरलेली.

शेंगांत आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, फेस त्याचाच. फेस शाम्पूइतका भरघोस येत नाही आणि तो यावा अशी अपेक्षाही ठेवू नये. साबणाच्या वडीचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो, शिकेकाईचं पाणी किंचित आंबट, म्हणजे कातडीच्या स्वभावाच्या जवळ. बोअरवेलच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि केसांवर चिकट साका धरतो. शिकेकाईचं तसं होत नाही. मराठवाड्यातल्या बायकांना हे कोणी शिकवावं लागत नाही. उलट बाजूही सांगते. डोळ्यांत गेली तर ती भयंकर झोंबते, भरपूर तेल चोपडलेलं असेल तर एका धुण्यात निघत नाही, आणि केस गळायचे थांबतील असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. केस मूठमूठ गळत असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

उटण्यातही असंच डोळसपणे बघावं. त्यात आणि शिकेकाईच्या मिश्रणातही पुष्कळ जण परंपरेने बावची घालतात. वैद्य ती कोडावर वापरत आले आहेत, कारण तिच्यात सोरॅलेन असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजते, आणि याच गुणाचा उपयोग कोडावरच्या प्रकाशोपचारात मोजूनमापून केला जातो. म्हणून सर्वांच्या अंगाला लावायच्या उटण्यात बावची नको, असं माझं स्पष्ट मत आहे. चंदनाचं खोड महाग असताना पसाभर ‘चंदन पावडर’ स्वस्तात मिळाली तर ती चंदनाची नसते; त्यापेक्षा चंदन वगळावं, वाळा आणि गुलाबपाकळी पुष्कळ सुगंध देतात. हळद अख्खी हळकुंडं आणून घरी कुटावी, कारण पिवळाधमक रंग येण्यासाठी भेसळ म्हणून लेड क्रोमेट वापरलं जातं, आणि त्यात शिसं असतं. कोरफडीचं पान कापलं की अर्धा तास उभं ठेवावं; पिवळा चीक निथळू द्यावा, तो खाज आणतो. पाणी असलेली कोणतीही घरची वस्तू, मग ती कोरफडीचा गर असो की गुलाबपाण्यात कालवलेला लेप, दोन-चार दिवसांपलीकडे ठेवू नये. दुकानातल्या बाटलीत जे टिकाऊ द्रव्य असतं त्याला आपण ‘केमिकल’ म्हणून नावं ठेवतो, पण जंतू वाढू नयेत म्हणूनच ते घातलेलं असतं. घरी ते घालत नाही, तर ताजं करून ताजं संपवणं एवढीच वाट उरते. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघावी. हे सगळं ज्याला कळलं तो दुकानातल्या बाटलीमागची बारीक अक्षरंही वाचायला लागतो, आणि कोणी त्याला सहजासहजी फसवू शकत नाही.

घरचं म्हणजे निर्धोक, हा भाबडेपणा तर आपण सोडलाच पाहिजे. महाराष्ट्रात घरोघरी होणाऱ्या जुन्या प्रसाधनांचा विचार केला तर मिशरीकडे बोट दाखवावं लागेल. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि दातांना घासायची. अगदी नैसर्गिक, अगदी घरगुती. सकाळी एकदा म्हणून सुरू होते, पुढे दिवसातून चार-पाच वेळा बोट तोंडात जातं, आणि हे व्यसन आहे असं त्या माउलीला कोणी सांगतही नाही. मुंबईत गर्भवती स्त्रियांचा एक अभ्यास झाला, तो २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यात धूरविरहित तंबाखू, आणि त्यातही मुख्यतः मिशरी, वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनांत तंबाखू घालायला कायद्याने बंदी झाली, पण चुलीवरच्या तव्याला कायदा लागत नाही. तिथे लेकीनेच आईचा हात धरायला हवा. बाळाच्या डोळ्यांत बोटाने घातलेलं काजळही तसंच. तुपाच्या दिव्यावरची काजळी कितीही शुद्ध असली तरी बोट शुद्ध नसतं, आणि बालरोगतज्ज्ञ कधीपासून नको म्हणून सांगत आहेत. तीट लावायची हौस असेल तर ती पायाच्या तळव्यावर भागवावी. मेंदी लालसर-तपकिरीच रंगते. ‘काळी मेंदी’ म्हणून जी मिळते तिच्यात केसांच्या कलपातलं द्रव्य असतं आणि त्याने हात सोलवटून निघालेल्या नवऱ्या मुली त्वचेच्या डॉक्टरांकडे येतात.

आजीच्या बटव्याचं कौतुक करताना आणखी एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. तो बटवा सगळ्या आज्यांचा कधीच नव्हता. नवरा वारला की त्याच घरात त्याच बाईचं तेल, कुंकू, फुलं, सगळं एका दिवसात बंद व्हायचं. कित्येकींचे केससुद्धा उतरवले जायचे. केशवपन करणार नाही असं ठरवण्यासाठी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक एकत्र आले, हे आपल्या इतिहासातलं एक उजळ पान आहे. ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ असा लेख आगरकरांनी लिहिला, कारण अंगाला काय घालायचं आणि लावायचं हा विषय त्यांना क्षुल्लक वाटत नव्हता. आणि मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं यांविरुद्ध ठराव करावा लागला, म्हणजे गोष्ट फार जुनी झालेली नाही. हळदीला चुन्यासारख्या क्षाराचा स्पर्श झाला की ती लाल होते, एवढं साधं रसायन कुंकवामागे आहे. करमाळा तालुक्यातल्या केम गावचं कुंकू त्यासाठीच नावाजलेलं. त्या लाल रंगावर नवरा जिवंत असलेलीचाच हक्क, हे रसायनात कुठेही लिहिलेलं नाही. दिवाळीच्या पहाटे घरात उटणं कालवलं जाईल तेव्हा पहिली वाटी घरातल्या विधवा काकूला, आत्याला द्या. ती नको म्हणेल, दोनदा म्हणेल. तिसऱ्यांदा तुम्ही स्वतः तिच्या हाताला चोळा.

वाटी कालवणारे हात कोणाचे, हेही विचारायला हवं. घरी करायचं म्हणजे बाईने करायचं, असं गृहीत धरलं तर ज्या बाईला आधीच दोन नोकऱ्या आहेत, एक ऑफिसातली आणि एक ओट्यापाशी, तिच्या माथी आपण तिसरी मारतो. आजीच्या हातच्या उटण्याची आठवण काढणाऱ्यांनी आजीच्या मनगटांचीही काढावी. शेंगा वाळवणं, रिठे फोडणं, दळण आणणं ही कामं घरातल्या मुलग्यांनी आणि पुरुषांनी घ्यावीत; अभ्यंगस्नानाला पाटावर आधी तेच बसतात. ज्यांना वेळच नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. चांगला साधा साबण, खोबरेल तेल, उन्हात जाताना छत्री, ओढणी आणि खात्रीच्या कंपनीचं सनस्क्रीन, एवढ्यावर उत्तम भागतं. सनस्क्रीन घरी करण्याच्या भानगडीत तर पडूच नये. ते किती किरणं अडवतं हे प्रयोगशाळेशिवाय मोजता येत नाही.

बचतगटांच्या बहिणींना माझी कळकळीची विनंती आहे. घरच्यासाठी करण्याला परवाना लागत नाही, विकण्यासाठी करायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे नियम आहेत. ते समजून घ्या, गटाला त्याचा फायदाच होईल. पुडीवर घटक लिहा, दळल्याची तारीख लिहा, कोणी लावू नये तेही लिहा. आणि ते दोन शब्द काढून टाका. पुडी त्यामुळे कमी खपेल ही भीती मला समजते. पण तुमच्याच गटातल्या सावळ्या मुलीने ती पुडी बांधलेली असते, आणि बांधताना तिने ते शब्द वाचलेले असतात.

मुलींच्या अंगाला सुगंध हवा, केस स्वच्छ हवेत, आरशात बघताना आनंद वाटायला हवा. नटण्यामुरडण्याची हौस मला मोलाची वाटते आणि तिच्यावर नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. पण या हौसेच्या पोटात भीती कुठून शिरते ते शोधत गेलं, तर आपण लग्नाच्या बायोडाटापाशी येऊन पोहोचतो. जन्मतारीख, रास, नाडी, उंची, आणि मग ‘वर्ण’: गोरा, निमगोरा, गव्हाळ. सावळ्या मुलीचे आईवडीलही तिथे हात आखडून ‘गव्हाळ’ लिहितात आणि फोटो दोनदा उजळवून घेतात. वधूवर सूचक मंडळं जातीजातींची आहेत, त्यांच्या मेळाव्यांना आपलेच नातेवाईक स्टेजवर असतात, फॉर्म आपल्याच ओळखीच्या छापखान्यात छापले जातात. पुढच्या मेळाव्याचा फॉर्म छापायला जाण्याआधी मंडळाच्या सभेत उभं राहून तो रकाना काढायला सांगा. नाही काढला तर आपल्या मुलीच्या आणि आपल्या मुलाच्याही फॉर्मवर तो आडवी रेघ मारून परत द्या, आणि समोरच्यांनी फोनवर ‘मुलगी रंगाने कशी आहे’ म्हणून विचारलं, तर हे स्थळ आम्हाला चालणार नाही असं नम्रपणे सांगून फोन ठेवा.